फणसोंबा आणि जातीचे खरेपण

फणसाच्या जुन्या खोडावर, बहुधा फांदी तुटून जखम राहिली असेल त्या जागी, खुराच्या आकाराची एक टणक गाठ वाढलेली असते. वरची बाजू काळपट आणि भेगाळलेली, कड पिवळसर तपकिरी, खालची बाजू मऊ दिसणारी, पण भिंग धरले तर एका मिलिमीटरमध्ये पाच-सात बसतील इतक्या बारीक छिद्रांनी भरलेली. हाताने ती मोडत नाही. कोयत्याने खोडापासून सोडवावी लागते. उभी कापली की आत गंजाच्या रंगाचे थर एकाखाली एक दिसतात, कारण ही अळंबी चार दिवसांत विरघळून जाणारी नाही, वर्षानुवर्षे तिच्यावर नवे थर चढत राहतात. कोकणात तिला फणसोंबा किंवा फणसअळंबी म्हणतात. पाण्यात उगाळून हिरड्यांना लावण्याची, अतिसारात पोटात देण्याची जुनी रीत आहे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ती फेलिनस या प्रजातीखाली सापडते. पण फणसोंबा म्हणजे त्या प्रजातीतली नेमकी एक जाती नाही. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या आणि एकाच उपयोगाच्या अनेक जाती या एका नावाखाली वावरतात.

इथूनच एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. वस्तूंचे प्रकार जगात मुळातच असतात, की आपण सोयीसाठी ते पाडतो? न्याय-वैशेषिक म्हणत, जाती खरी आहे. सगळ्या गाईंत गोत्व नावाचे एक नित्य सामान्य वास करते आणि म्हणून आपण त्यांना एका नावाने ओळखतो. बौद्ध तर्कपंडित दिङ्नाग आणि धर्मकीर्ती म्हणत, जगात फक्त वेगवेगळ्या व्यक्ती आहेत. गोत्व ही बुद्धीची रचना आहे, गाय नसलेल्या सगळ्यांना बाजूला सारून आपण ती उभी करतो. हा वाद काही शतके चालला आणि तो कधीच निव्वळ तर्काचा खेळ नव्हता. त्याच्या मागे ब्राह्मणत्व ही खरी जाती आहे का, हा प्रश्न उभा होता. माणसामाणसांतली जन्मजात उतरंड नाकारायची तर जाती ही कल्पनाच मुळातून खोडून काढली पाहिजे, असे बौद्ध तर्कपंडितांना वाटले. मला ती किंमत अनाठायी वाटते. खोडावर फळीसारख्या वाढणाऱ्या या अळंब्यांचे वर्गीकरण कसे घडले, कसे फसले आणि कसे सावरले हे नीट पाहिले, तर खरी जाती कशी सिद्ध होते आणि खोटी कशी उघडी पडते हे दोन्ही कळते. आणि मग उतरंड नाकारण्यासाठी गाय, फणस आणि फणसोंबा यांचे वेगळेपण नाकारावे लागत नाही.

लिनियसने १७५३ साली या अळंब्या वनस्पतींत घातल्या आणि खाली छिद्रे असलेल्या सगळ्यांना बोलेटस हे एकच नाव दिले. १८२१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात एलियास फ्रीस याने बीजाणू धरणाऱ्या पृष्ठभागाचा आकार हाच निकष पक्का केला: पडदे असतील तर एक गट, छिद्रे असतील तर दुसरा, काटे असतील तर तिसरा. हा निकष आळसाचा नव्हता. डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांत याहून ठळक लक्षण नव्हतेच. सूक्ष्मदर्शक सुधारल्यावर ही मांडणी डळमळू लागली. कॉर्नर यांनी १९३२ साली दाखवले की अळंबीचे शरीर ज्या तंतूंचे बनते ते एकाच प्रकारचे नसतात. कुठे वाढणारे, कुठे आधार देणारे, कुठे बांधून ठेवणारे तंतू असतात, आणि त्यांची जुळणी बाहेरच्या रूपाशी मेळ खातेच असे नाही. व्हिटेकर यांनी १९६९ साली कवकांना वनस्पतींपासून काढून स्वतंत्र सृष्टी दिली. जनुकांचे क्रम वाचता येऊ लागल्यावर तर कवके झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची ठरली. त्याच वाचनातून असेही दिसले की फळीचा आकार एकदाच उपजलेला नाही. गॅनोडर्मा एका गणातला, फेलिनस दुसऱ्या, हेटेरोबॅसिडियन तिसऱ्या, आणि कच्च्या मांसासारखा दिसणारा फिस्टुलिना चक्क पडदेवाल्या नेहमीच्या अळंब्यांच्या गणात. उलट पडदे असलेला लेंटिनस छिद्रवाल्यांच्या घरातला निघाला.

एकाच आकाराकडे इतके वंश वेगवेगळ्या वाटांनी का आले, याचे उत्तर बीजाणूंच्या पडण्यात आहे. छिद्र म्हणजे एका उभ्या नळीचे तोंड. नळीच्या आतल्या भिंतीवरून बीजाणू अगदी थोड्या अंतरावर उडवला जातो, नळीच्या मधोमध येतो आणि सरळ खाली पडतो. नळी केसाएवढी अरुंद, पण तिच्या रुंदीच्या मानाने फार लांब. ती उभ्या रेषेपासून जराशी कलली तरी बीजाणू भिंतीला चिकटून वाया जाणार. म्हणून वर पाऊस अडवणारे टणक छप्पर आणि खाली ओळंब्यात धरलेल्या नळ्या ही रचना लाकडावर राहणाऱ्याला हमखास फायद्याची ठरते. गॅनोडर्मा असलेले झाड उन्मळून आडवे पडले तर ती फळी जुन्या नळ्यांना सोडून देते आणि आपल्याच अंगावर, आधीच्या थराशी काटकोन करून, नवा आडवा थर धरते. नळ्या पुन्हा जमिनीकडे उभ्या. गॅनोडर्मा ॲप्लॅनेटमची एक मोठी फळी दिवसाला सुमारे तीन हजार कोटी बीजाणू सोडते आणि हे सहा महिने चालते, असा बुलर यांचा हिशेब आहे. एवढा पसारा गुरुत्वाकर्षणाच्या एका रेषेवर अवलंबून असेल तर आकार सारखाच निघणार. म्हणजे इथले साम्य वंशातून आलेले नाही, गरजेतून आलेले आहे.

आता नैयायिकांकडे वळू. जाती खरी मानणाऱ्यांनी वाटेल त्या समान धर्माला जाती म्हणून टाकले, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. उदयनाचार्यांनी जातीला बाध आणणाऱ्या सहा गोष्टी मोजल्या आहेत. त्यांतली एक आहे संकर. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र सापडतात, काही ठिकाणी पहिलाच सापडतो आणि काही ठिकाणी दुसराच, असे असेल तर ते जाती नव्हेत. ते उपाधी, म्हणजे बाहेरून जोडलेले विशेषण. भूतत्व आणि मूर्तत्व हे त्यांचे ठरलेले उदाहरण: आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, आणि पृथ्वी दोन्ही आहे. हीच कसोटी लाकूड कुजवणाऱ्यांना लावून पाहा. काही कवके लाकडातले लिग्निन मोडतात. मग उरलेले लाकूड फिकट, तंतुमय, ओलसर होते, याला पांढरी कूज म्हणतात. काही लिग्निन जवळजवळ तसेच ठेवून सेल्युलोज खातात. मग लाकूड तपकिरी पडून चौकोनी तुकड्यांत फुटते आणि बोटांत चुरडले की भुकटी होते, ती तपकिरी कूज. गॅनोडर्मा फळीही धरतो आणि पांढरी कूजही करतो. धिंगरी अळंबी पांढरी कूज करते, पण तिला फळी नाही, पडदे आहेत. फोमिटॉप्सिस फळी धरतो आणि तपकिरी कूज करतो. संकर समोर आहे. फळीपण जाती ठरत नाही. जनुकांचे नावही ठाऊक नसलेल्या माणसाने, निव्वळ विचाराच्या बळावर, आकार फसवू शकतो हे ओळखण्याची रीत सांगून ठेवली, याचे मला फार मोल वाटते. काही नव्य नैयायिकांनी संकराला बाधक मानले नाही. दोन धर्म एकमेकांना छेदतात म्हणून ते खरे नाहीत असे का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आज देता येते. प्रकार वंशातून आले असतील तर ते फांद्यांसारखे फुटतात. एक फांदी दुसरीच्या पोटात असेल किंवा तिच्यापासून वेगळी असेल, दोन फांद्या एकमेकींना अर्ध्यात छेदणार नाहीत. दोन धर्म एकमेकांना छेदत असतील, तर त्यांतला निदान एक तरी वंशाचा नाही.

बौद्ध पक्षाचा सर्वांत भक्कम दाखला औषधांचा आहे. धर्मकीर्ती म्हणतात, गुळवेल आणि इतर काही वनस्पती वेगवेगळ्या असूनही ताप उतरवतात. त्यासाठी त्यांच्यात एखादे नित्य सामान्य वसते असे मानण्याची गरज नाही. एकच कार्य करणाऱ्या वस्तूंना आपण एका नावात बांधतो, एवढेच. फणसोंब्याच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. जाती अनेक, उपयोग एक, म्हणून नाव एक. फणसोंबा हे नाव उपयोगाने बांधलेले आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. घरातल्या गरजेला तेवढे पुरे होते. पण धर्मकीर्तींना पुढे विचारावे लागते की वेगवेगळ्या वस्तूंनी एकच कार्य करावे हे का घडते? त्यांचे उत्तर असे की तो त्यांचा स्वभाव आहे. इथे विचार थांबतो, आणि वंश नेमका इथूनच पुढे जातो. फणसोंब्याच्या गाभ्यावर पोटॅशचा, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, एक थेंब टाकला की तो गंजाचा रंग बघता बघता काळा पडतो. फेलिनसच्या सगळ्या कुळाची ही खूण आहे. त्यांच्या पिवळ्या-तपकिरी रंगद्रव्यांमुळे असे होते. त्या कुळातल्या सगळ्याच अळंब्या फळ्या नाहीत. काही लाकडावर नुसत्या चपट्या पसरतात, काही जमिनीवर देठावर उभ्या राहतात, तरी थेंब टाकला की काळ्या पडतात. गॅनोडर्मा दिसायला फेलिनसला कितीही जवळचा असो, त्याची खूण वेगळी: बीजाणूला दोन भिंती आणि मधे बारीक खांब. फळीपणावरून तुम्हाला फळीपणापलीकडे फारसे काही कळत नाही. वंश कळला की न पाहिलेल्या गोष्टी सांगता येतात, आणि तपासल्यावर त्या बहुधा खऱ्या निघतात. जे आपल्या बुद्धीने नुसते पाडले आहे ते आपल्याला अनपेक्षित काही शिकवू शकत नाही. शिकवत असेल, तर त्यात बुद्धीबाहेरचे काहीतरी आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की शास्त्रज्ञच नावे सतत बदलतात, मग खरेपण कुठले? फेलिनस ही मोठी प्रजाती होती. वॅग्नर आणि फिशर यांनी २००२ साली तिची फोड केली आणि तिच्यातल्या कित्येक जाती फुल्विफोमिस, फस्कोपोरिया अशा प्रजातींत गेल्या. चीनमधली लिंगझी ही अळंबी कितीतरी वर्षे गॅनोडर्मा ल्युसिडम या नावाने जगभर विकली गेली. ते नाव मुळात १७८१ साली कर्टिसने इंग्लंडमधल्या अळंबीला दिलेले, आणि २०१२ साली चिनी अळंबी वेगळी जाती म्हणून नोंदली गेली. पण हा दाखला उलटा लागू पडतो. निव्वळ संकेत चुकत नसतो. रस्त्याच्या डावीकडून जायचे हा नियम बदलता येईल, खोटा ठरवता येणार नाही. लिंगझीला ल्युसिडम म्हणणे चूक ठरले, याचा अर्थ त्या नावाबाहेर काहीतरी होते ज्याच्याशी ते नाव जुळले नाही. ज्या वर्गीकरणाला चुकता येते त्यालाच बरोबर असता येते. आणि ही चूक निरुपद्रवी नसते. गॅनोडर्मामुळे माडाचा आणि पोफळीचा बुंधा आतून कुजतो. तमिळनाडूत माडाच्या या रोगाला तंजावर मर म्हणतात, कर्नाटकात अणबे रोग. बुंध्याशी फळी दिसते तोवर झाड आतून बरेच गेलेले असते. शेजारच्या झाडाला धोका आहे की नाही हे फळीच्या आकारावरून ठरवणाऱ्या बागायतदाराला त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सीमा पुसट असतात. मग जाती खऱ्या कशा? उत्तर अमेरिकेतला हेटेरोबॅसिडियन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या लाकडी सामानातून इटलीत पोचला असे मानले जाते, आणि तिथे त्याचा स्थानिक युरोपी जातीशी संकर होऊ लागला. लक्षावधी वर्षे वेगळे राहिलेले दोन वंश पुन्हा जोडले गेले. फांद्या एकमेकींना छेदत नाहीत हे माझे म्हणणे इथे पुरते टिकत नाही, हे मी मान्य करतो. टोकाच्या कोवळ्या डहाळ्या कधीकधी एकमेकींत मिसळतात. पण त्या संकरातला एकेक जनुक तपासून तो अमेरिकेचा की युरोपचा हे सांगता येते, म्हणून तर संकर झाल्याचे कळले. मिसळण होण्यासाठी आधी दोन असावे लागतात. शिवाय मिसळण जवळच्यांतच होते. फेलिनस आणि गॅनोडर्मा एकाच खोडावर वर्षानुवर्षे शेजारी राहिले तरी त्यांचा संकर होत नाही. प्रयोगशाळेत एकेका बीजाणूपासून वाढवलेले तंतू एकाच काचेच्या बशीत समोरासमोर सोडतात. एका जातीचे आणि जुळणारे असतील तर ते एक होतात आणि अनेक जातींत तंतूंच्या आडभिंतींशी एक छोटासा बाक धरतात. परक्या जातीचे असतील तर मध्ये रेषा राहते. ती रेषा कुणी आखलेली नसते.

नैयायिकांचे एक म्हणणे मात्र सोडावेच लागते. जाती नित्य नाही. लाकडातले लिग्निन पूर्ण मोडण्याची किमया सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी एका पूर्वजात आली असा जनुकांवरून काढलेला अंदाज २०१२ साली मांडला गेला, आणि तपकिरी कूज करणारे वंश त्यातूनच, ती हत्यारे गमावून, वेगवेगळ्या वेळी निघाले. ज्याला आरंभ आहे ते नित्य सामान्य नव्हे. खरी जाती ही एक परंपरा आहे, क्षणाक्षणाला बदलत जाणारी पण तुटलेली नसणारी. अशा प्रवाहाला बौद्ध संतान म्हणत. गंमत अशी की संतान ही कल्पना हाताशी असूनही त्यांनी तिलाही व्यवहारापुरतेच सत्य मानले. मला वाटते, तिथे त्यांनी हातातली चांगली वस्तू टाकून दिली.

आता मूळ प्रश्न, आणि त्यातला सर्वांत बोचरा आक्षेप. वंश खरा, असे मी म्हणतो. मग मीमांसक कुमारिल भट्ट तरी दुसरे काय म्हणत होते? त्यांचे म्हणणे असे की ब्राह्मणत्व ही जाती आहे आणि आईबाप कोण हे ठाऊक असले की ती प्रत्यक्ष कळते. वंशाला खरेपण देणारा माणूस हे कसे नाकारणार? बौद्धांनी विचारले होते, अनादी काळापासूनच्या प्रत्येक पिढीच्या शुद्धतेची खात्री कोण देईल? तो प्रश्न चोख होता, पण पुराव्याच्या अभावावर उभा होता. आज पुरावा आहे. भारतातल्या मानवी गटांच्या जनुकांचा २०१३ साली झालेला अभ्यास सांगतो की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथे सर्रास मिश्रण चालू होते आणि त्यातून जवळजवळ कोणताच गट सुटला नाही. त्यानंतर लग्ने गटापुरती बांधली गेली. या बांधणीच्या खुणाही जनुकांत दिसतात, काही गटांत विशिष्ट आनुवंशिक आजारांच्या रूपाने. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या खुणा कुंपणाने पाडलेल्या आहेत, कुंपण त्या खुणांमुळे पडलेले नाही. काचेच्या बशीतली रेषा कुणी पहारा न देता टिकते. माणसांतली रेषा टिकवायला शास्त्रवचने लागली, बहिष्कार लागले, हिंसा लागली, आणि जिथे पहारा ढिला पडला तिथे ती पहिल्याच पिढीत पुसली गेली. जे वेगळेपण धमकी देऊन राखावे लागते ते निसर्गाचे नाही. संकराची कसोटी लावा, तरी तेच. ज्ञान, शुचिता, शौर्य, सेवा यांपैकी कुठलाही धर्म घ्या, तो प्रत्येक वर्णात सापडतो आणि प्रत्येक वर्णात त्याचा अभावही सापडतो. उदयनाचार्यांनी स्वतः हा निष्कर्ष मान्य केला नसता, पण नियम त्यांचाच आहे. आणि कुमारिलांना केवळ वंश सिद्ध करून चालणारे नव्हते. त्यांना वंशातून अधिकार काढायचा होता. वंशातून बीजाणूची भिंत निघते, रंगद्रव्य निघते, आजारही निघतो. वेद ऐकण्याचा अधिकार कशातून निघणार? कवकांना एकेकाळी खालच्या वनस्पती म्हणत. वंशवृक्ष उमगला तेव्हा त्यांची पायरी वर गेली नाही, पायऱ्याच गेल्या.

सुत्तनिपातातल्या वासेट्ठसुत्तात बुद्धाने हीच दिशा धरली होती. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण, ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा वाद घेऊन त्याच्याकडे जातात. बुद्ध आधी गवत आणि झाडे, मग किडे-मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांची नावे घेतो आणि म्हणतो की यांच्या अंगावर जन्माने आलेल्या वेगवेगळ्या खुणा आहेत. मग माणसाचे केस, कान, डोळे, हात, पाय मोजत जातो आणि तशी खूण तिथे सापडत नाही असे दाखवतो. वज्रसूची नावाच्या ग्रंथांनी हाच प्रश्न पुढे नेला. त्या नावाचे उपनिषद सतराव्या शतकात बहिणाबाईंनी मराठीत आणले, ज्यांनी ब्राह्मण घरात जन्मून तुकोबांना गुरू केले होते. या युक्तिवादाची ताकद तुलनेत आहे. झाडांच्या खुणा खऱ्या असतील तरच माणसांतला त्यांचा अभाव बोलका ठरतो. पुढच्या तर्कपंडितांनी सगळ्याच जाती बुद्धीच्या कल्पना ठरवल्या आणि कुमारिलांचा पाया उखडला, पण त्याबरोबर ही तुलनाही गेली. मग उतरंडीचा कैवारी शांतपणे म्हणू शकतो: गोत्वही संकेत, ब्राह्मणत्वही संकेत, गोत्वाने तुमचे व्यवहार चालतात, तसे ब्राह्मणत्वाने आमचे चालू द्या. वासेट्ठसुत्त त्याला ही पळवाट ठेवत नाही. खूण दाखव, एवढेच ते मागते.